‘हाफ एट’ म्हणजे साडेसात: हंगेरियन माणूस वेळ कशी सांगतो

साडेसात. तुमचा हंगेरियन सहकारी इंग्रजीत बोलताना ‘हाफ एट’ म्हणाला असेल, तर त्याला साडेसातच म्हणायचं होतं, हे मी जवळजवळ खात्रीनं सांगते. तुमच्या ब्रिटिश मार्गदर्शक बाई ‘हाफ एट म्हणजे साडेआठ’ म्हणाल्या, तेही त्यांच्या भाषेप्रमाणे बरोबर आहे. इंग्लंडात ‘हाफ पास्ट एट’मधला ‘पास्ट’ बोलता बोलता गळतो आणि ‘हाफ एट’ उरतं. हंगेरियन माणूस मात्र स्वतःच्या भाषेतलं ‘फेल न्योल्त्स’ जसंच्या तसं उचलून इंग्रजीत आणतो. ‘फेल’ म्हणजे अर्धा, ‘न्योल्त्स’ म्हणजे आठ. दोघांच्या तोंडी शब्द तेच आणि मध्ये अख्ख्या तासाचं अंतर.

तुम्ही लिहिलंय की डेब्रेत्सेनच्या प्रयोगशाळेत नुकतेच रुजू झालात, यंत्रावरची तुमची पाळी या ‘हाफ एट’पायी हुकली, आणि आता हे लोक वेळ सांगतात तरी कसे ते एकदा मुळापासून समजून घ्यायचंय. मी बुडापेस्टमध्ये दुभाष्याचं काम करते आणि भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हंगेरियन शिकवते. नव्यानं आलेल्यांच्या भेटीगाठी ज्या कारणानं सर्वाधिक हुकतात ते हेच. शिकवायची पुस्तकं हा विषय अर्ध्या पानात उरकतात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. हंगेरियन शब्द देवनागरीत देते आहे. उच्चार तंतोतंत उतरत नाहीत, पण ऐकल्यावर ओळख पटण्यापुरते पुरतील.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इंग्रजी बोलणारा वाजणाऱ्या ठोक्याकडे बघून वेळ सांगतो: सातचा ठोका होऊन किती मिनिटं झाली, नाहीतर आठच्या ठोक्याला किती उरली. हंगेरियन माणूस चालू तास धरतो. घड्याळात सात वाजले की त्याच्या लेखी आठवा तास सुरू झाला, आणि त्या तासातला किती भाग सरला एवढंच तो सांगतो. आपण वयाबद्दल असंच बोलतो. पंचवीस पूर्ण झालेल्या नातीबद्दल आजी ‘तिला सव्विसावं लागलं’ म्हणते, तेव्हा सव्वीस वर्षं झाली असं कोणी समजत नाही. हंगेरियन घड्याळाला सात वाजता आठवा तास ‘लागतो’.

आता या आठव्या तासाचे चार हिस्से करा. एक हिस्सा सरला की ‘नॅद्यॅद न्योल्त्स’, म्हणजे पाव आठ; आपले सव्वासात. दोन सरले की ‘फेल न्योल्त्स’, अर्धा आठ, आपले साडेसात. तीन सरले की ‘हारोमनॅद्यॅद न्योल्त्स’, तीन-चतुर्थांश आठ, आपले पावणेआठ. चारही सरले की तास भरला, ‘न्योल्त्स ओरॉ’, आठ वाजले. सव्वासातपासून आठपर्यंत प्रत्येक वेळी आठच ऐकू येतो, सात कुठेच नाही. हे एकदा मनात बसलं की वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक दगा देतो तो ‘फेल’ नव्हे, ‘नॅद्यॅद’. ‘फेल’बद्दल आधीच कोणीतरी सावध केलेलं असतं. ‘नॅद्यॅद न्योल्त्स’ ऐकलं की मात्र कानाला ‘पाव’ आणि ‘आठ’ एवढंच लागतं, मन लगेच ‘सव्वाआठ’ म्हणून मोकळं होतं, आणि माणूस तासभर उशिरा पोचतो. त्यात समोरचा इंग्रजीत ‘क्वार्टर एट’ म्हणाला तर आणखी पंचाईत, कारण इंग्रजीत अशी वेळ कोणी सांगतच नाही. ऐकणारा आपल्या मनानं ‘पास्ट’ किंवा ‘टू’ घालून घेतो. अमेरिकन लोकांत तर ‘क्वार्टर ऑफ एट’ अशी बोलायची रीत आहे आणि तिचा अर्थ पावणेआठ. हंगेरियन माणसाला तेच शब्द ऐकून ‘आठव्यातला पाव’ म्हणजे सव्वासात वाटणार. तीन देशांतली माणसं एका बैठकीला बोलवायची असतील तर पाव-अर्ध्याच्या भाषेत वेळ सांगूच नये.

मराठी बोलणाऱ्याला हे शिकताना एक गोष्ट आडवी येते आणि एक मदतीला धावते. आडवं येतं ते ‘सव्वा’ आणि ‘साडे’. सव्वा हा संस्कृतातल्या ‘सपाद’वरून आला, म्हणजे पावासहित, साडे ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासहित. दोन्ही होऊन गेलेल्या तासाला चिकटतात: सातावर पाव, सातावर अर्धा. ‘पावणे’ हा ‘पादोन’, पाव कमी असलेला. तो येणाऱ्या तासाला चिकटतो. म्हणून पावणेआठ आणि ‘हारोमनॅद्यॅद न्योल्त्स’ या दोन्हींत आठ येतो आणि तिथे आपली माणसं सहसा अडखळत नाहीत. सव्वा आणि साडेच्या वेळी मात्र ऐकलेल्या आकड्यातून एक वजा करावा लागतो, आणि गडबडीत तो राहून जातो.

मदतीला येतो तो आपला ‘अडीच’. हा शब्द ‘अर्धतृतीय’वरून झिजत आला आहे: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. ‘तिसरा अर्धा’ म्हणून अडीच, हे तंतोतंत हंगेरियन डोकं आहे. साडेतीनला जुन्या मराठीत ‘औट’ म्हणत, तोही ‘अर्धचतुर्थ’, चौथा अर्धा. संतांच्या वाणीत देहाला ‘औट हात’ म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल, तोच हा औट. आता हंगेरियन बघा. दीडला तिथे ‘माशफेल’ म्हणतात, शब्दशः ‘दुसरा अर्धा’. जुन्या हंगेरियनमध्ये अडीचला ‘हॉर्मॉदफेल’ असा शब्द होता, म्हणजे ‘तिसरा अर्धा’. अर्धतृतीय आणि हॉर्मॉदफेल शेजारी ठेवून बघा. हंगेरियन ही उरल कुळातली भाषा, फिनिशची दूरची नातेवाईक. मराठीशी तिचा रक्ताचा संबंध नाही. तरी मोजायची ही एक तऱ्हा दोन्हीकडे होती आणि आपण अडीच म्हणताना ती आजही वापरतो. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मराठी मुलांचे चेहरे उजळतात, कारण परकी वाटणारी गोष्ट आपल्याच घरात निघते. ज्यांना ‘फेल’ डोक्यात बसत नाही त्यांना मी सांगते: ‘फेल हारोम’ ऐकलं की ‘तिसरा अर्धा’ म्हणा, तोंडातून आपोआप अडीच येईल.

आपल्याकडे आणखी एक जागा आहे. बारा पंचेचाळीसला जुनी माणसं ‘पाऊण वाजला’ म्हणतात. हंगेरियनमध्ये ‘हारोमनॅद्यॅद एद्य’, पाऊण एक. बारा ते एक या तासापुरते आपण हंगेरियन लोकांच्या अगदी जवळ उभे असतो. याच तासात इंग्रजी कानांची सर्वांत मोठी फसगत होते. ‘फेल एद्य’ म्हणजे साडेबारा, आणि ‘हाफ वन’ ऐकणारा ब्रिटिश माणूस दीड वाजता जेवायला येतो.

दीडवरून एक सावधगिरी. मराठीत ‘दीड वाजता’ आणि ‘दीड तास’ दोन्हीकडे दीड चालतो. हंगेरियनमध्ये घड्याळातला दीड ‘फेल कॅत्तो’ (कॅत्तो म्हणजे दोन) आणि लांबीचा दीड तास ‘माशफेल ओरॉ’. घड्याळाच्या वेळेला ‘माशफेल’ लागत नाही. आपली मुलं ही चूक हमखास करतात, इंग्रजी माध्यमातून आलेलीसुद्धा, कारण मनातून मराठीच बोलत असतं.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकून आलेल्यांना ‘फेल’ नवा नसतो. जर्मनमध्ये ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसातच, आणि दीडला ‘आंडरटहाल्ब’ म्हणतात, तोही ‘दुसरा अर्धा’. पण पाठ्यपुस्तकातली जर्मन ‘सातनंतर पाव’ आणि ‘आठच्या आधी पाव’ असं शिकवते, त्यामुळे ही मुलं ‘फेल’ला सहज पार करतात आणि ‘नॅद्यॅद’ला अडकतात. व्हिएन्नाकडच्या किंवा पूर्व जर्मनीतल्या माणसाबरोबर राहिलेला विद्यार्थी असेल तर त्याला तेही जड जात नाही, कारण तिकडे बोलताना ‘पाव आठ’, ‘पाऊण आठ’ सर्रास चालतं. चेक भाषेतही रीत हीच. हंगेरियन लोकांचा हा काही एकट्याचा विचित्रपणा नाही. मध्य युरोपात ही पद्धत चांगली रुळलेली आहे. हंगेरियनमध्ये पावाला ‘फॅर्ताय’ असा एक जुना शब्द आहे, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून अजून कानावर येतो. तो जर्मन ‘फिर्टेल’वरूनच आला आहे.

पाव-अर्ध्याच्या मधल्या मिनिटांचं काय? इथे इंग्रजी दोन खांबांवर उभी आहे: अर्ध्या तासापर्यंत गेलेल्या ठोक्यापासून पुढे मोजायचं, नंतर येणाऱ्या ठोक्यापासून मागे. हंगेरियन घड्याळाला चार खांब आहेत, दर पंधरा मिनिटांना एक, आणि बोलणारा जवळचा खांब पकडतो. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली की तो म्हणतो ‘ओत पॅर्त्स मूल्वॉ फेल न्योल्त्स’, पाच मिनिटांनी अर्धा आठ. सात पस्तीसला ‘फेल न्योल्त्स मूल्त ओत पॅर्त्सॅल’, अर्धा आठ उलटून पाच मिनिटं. सात चाळीसला आपण ‘आठला वीस कमी’ म्हणू, इंग्रज ‘ट्वेंटी टू एट’ म्हणेल, आणि हंगेरियन माणूस ‘पाच मिनिटांनी पाऊण आठ’. नवख्याला एका वाक्यात तीन हिशेब करावे लागतात: आठातून एक वजा, त्यात पंचेचाळीस मिळवा, त्यातून पाच काढा. दोन शब्दांवर लक्ष ठेवा. ‘मूल्वॉ’ ऐकलं तर ती वेळ अजून यायची आहे, ‘मूल्त’ ऐकलं तर होऊन गेली. उच्चारात शेपटापुरता फरक आहे आणि घाईत तीच शेपटी ऐकू येत नाही.

हे सगळं स्वतः बोलायलाच हवं असं मुळीच नाही. ‘हेत नॅद्यवॅन’, सात चाळीस, असं आकड्यात सांगितलेलं सगळ्यांना कळतं आणि तरुण मंडळी मोबाइलवर बघून बहुतेक वेळा तसंच सांगतात. बोलताना आकडे वापरा, पण ऐकताना खांब ओळखता आले पाहिजेत. दुकानदार, शेजारीण, दवाखान्यातली परिचारिका तुमच्या सोयीनं बोलणार नाहीत.

दवाखान्यावरून सांगते. सॅगॅद, पेच, बुडापेस्ट आणि तुमच्या डेब्रेत्सेनला बाहेरदेशची बरीच मुलं इंग्रजीतून वैद्यकीय शिकतात, पण रुग्णाशी हंगेरियनमध्ये बोलता यावं म्हणून त्यांना ही भाषा शिकावी लागते. एक वाक्य मी प्रत्येक तुकडीला ऐकवते. छातीवर हात ठेवून रुग्ण म्हणतो, ‘फेल हॉत ओतॉ फाय.’ ‘हॉत’ सहा, ‘ओतॉ’ पासून, ‘फाय’ दुखतंय. साडेपाचपासून दुखतंय. विद्यार्थ्यानं कागदावर साडेसहा लिहिलं तर दुखणं सुरू होऊन झालेला एक तास नोंदीतून नाहीसा झाला. छातीच्या दुखण्यात पुढचे निर्णय या वेळेवरही ठरतात. तसंच ‘न्योल्त्स ओरान्केन्त’ म्हणजे दर आठ तासांनी, आणि ‘न्योल्त्स ओरॉकोर’ म्हणजे आठ वाजता. एकात औषध दिवसातून तीनदा आहे, दुसऱ्यात एकदा.

इथे ‘ओरॉ’ या शब्दाची ओळख करून घ्यायला हवी, कारण तो एकटा फार कामं करतो. मनगटावरचं घड्याळ ओरॉ, भिंतीवरचं ओरॉ, साठ मिनिटांचा तास ओरॉ, शाळेतला पंचेचाळीस मिनिटांचा तास ओरॉ, आणि ‘वाजले’ या अर्थानंही ओरॉ. शाळेतल्या तासाबाबत मराठी आणि हंगेरियन एकच. ‘पहिला तास गणिताचा’ हे वाक्य शब्दाला शब्द हंगेरियनमध्ये जातं. मात्र मराठीत ‘दोन तास’ आणि ‘दोन वाजले’ कधी एकमेकांत मिसळत नाहीत, हंगेरियनमध्ये ‘केत ओरॉ’ दोन्ही असू शकतं. ‘केत ओराइग वार्तॉम’ म्हणजे मी दोन तास वाट पाहिली की दोन वाजेपर्यंत वाट पाहिली? वाक्यावरून कळत नाही, आगापिछा बघावा लागतो. दोन जोड्या मात्र पक्क्या करून ठेवा. ‘केत ओरॉ मूल्वॉ’ म्हणजे दोन तासांनी. ‘केत ओरॉ उतान’ म्हणजे दोन वाजल्यानंतर. बँकेत कोणी ‘उतान’ म्हणालं तर दोनच्या पुढे जा, ‘मूल्वॉ’ म्हणालं तर घड्याळ बघून आतापासून दोन तास मोजा. आणि अमुक वाजता म्हणायला आकड्याला ‘कोर’ जोडतात: ‘कॅत्तोकोर’ दोन वाजता, ‘फेल कॅत्तोकोर’ दीड वाजता. ‘कोर’ ऐकू आला की शंकाच नको, बोलणं घड्याळातल्या वेळेचं आहे.

दोनला ‘केत’ आणि ‘कॅत्तो’ असे दोन शब्द आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. एखाद्या नामाआधी ‘केत’ येतो, एकटा आकडा असला की ‘कॅत्तो’. पण सातला म्हणतात ‘हेत’. फोनवर, स्टेशनवर, गर्दीत ‘केत’ आणि ‘हेत’ सारखेच ऐकू येतात, म्हणून हंगेरियन लोक स्वतःच जिथे चूक परवडणार नाही तिथे ‘कॅत्तो ओरॉ’ म्हणतात. तुम्हीही तेच करा. हा ‘हेत’ पुन्हा आठवडाही आहे: ‘हेत हेत’ म्हणजे सात आठवडे, आणि सोमवारला ‘हेतफो’ म्हणतात, म्हणजे आठवड्याचं डोकं.

आणखी एक जोडी माझ्या वर्गात फार रडवते: ‘फेल’ आणि ‘फॅले’. ‘फेल न्योल्त्स’ साडेसात. ‘न्योल्त्स फॅले’ आठच्या सुमारास. ‘फेल’ आकड्याच्या आधी येतो, ‘फॅले’ नंतर. घरी जेवायला बोलावणारी बाई ‘न्योल्त्स फॅले’ म्हणाली तर पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील. ‘फेल न्योल्त्सरॉ’ म्हणाली तर साडेसातच्या ठोक्याला दारात उभं राहावं, कारण शेवटच्या ‘रॉ’मध्ये ‘तोपर्यंत पोचा’ हे आहे. आणि ‘फेल न्योल्त्स फॅले’ असंही म्हणतात: साडेसातच्या सुमारास. तिन्ही एका दमात म्हणून बघा, जिभेला वळण लागेपर्यंत.

दिवसाच्या भागांबाबत मात्र मराठी माणूस इंग्रजी बोलणाऱ्याच्या फार पुढे असतो. इंग्रजीत मध्यरात्र उलटल्यापासून दुपारी बारापर्यंत सगळं ‘मॉर्निंग’. ‘थ्री इन द मॉर्निंग’ असं आपण कधी म्हणू का? आपण पहाटेचे तीन म्हणतो, रात्रीचा एक म्हणतो. हंगेरियन माणूसही ‘हॉयनॉली हारोम’ म्हणतो, पहाटेचे तीन, आणि ‘एय्यॅल एद्य’, रात्रीचा एक. सकाळ म्हणजे ‘रॅग्गॅल’, ती साधारण नऊपर्यंत. त्यानंतर दुपारपर्यंत ‘देलॅलोत्त’, माध्यान्हाआधीचा वेळ. अकराला कोणी ‘रॅग्गॅल’ म्हणत नाही. इथे इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून विचार करा, बहुतेक वेळा बरोबर येईल. लिहिताना ‘देलॅलोत्त’ आणि दुपारनंतरचा ‘देलुतान’ यांची दोन-दोन अक्षरी रूपं वापरतात. दोन्ही ‘द’नं सुरू होतात आणि फरक दुसऱ्या अक्षराचा, तेव्हा दारावरची पाटी नीट वाचा.

‘देल’ म्हणजे माध्यान्ह, आणि हा हंगेरीत नुसता घड्याळातला बिंदू नाही. दुपारी बाराला देशभर चर्चच्या घंटा वाजतात आणि कोशुथ रेडिओ ही सरकारी वाहिनी रोज कुठल्या ना कुठल्या चर्चची घंटा ऐकवतो. १४५६ साली हंगेरियन सेनापती हुन्यॉदी यानोशनं नांदोरफॅहेरवार इथे, म्हणजे आजच्या बेलग्रेडला, तुर्की सैन्य परतवलं. त्याआधी जूनमध्ये पोप तिसरा कॅलिक्स्टस यानं प्रार्थनेसाठी घंटा वाजवायचा आदेश दिला होता. विजय २२ जुलैचा. तरी हंगेरियन मनात दुपारची घंटा त्या विजयाची आठवण म्हणून बसलेली आहे. बारा वाजले हे सांगायला इथे आकडा लागत नाही, ‘देलबॅन’ म्हटलं की झालं. मध्यरात्रीला ‘एयफेल’: रात्रीचा अर्धा. इंग्रजीत बाराच्या पुढे ‘ए. एम.’ लावायचं की ‘पी. एम.’ यावर जो गोंधळ होतो तो इथे उद्भवत नाही.

वेळापत्रकं, तिकिटं, सरकारी पत्रं यांत चोवीस तासांचं घड्याळ असतं. बुडापेस्टच्या केलेती रेल्वे स्थानकावरची घोषणा १६:३० ला ‘सोळा तास तीस मिनिटं’ असंच सांगेल. पण घोषणा संपल्यावर शेजारचा प्रवासी बायकोला फोनवर ‘फेल ओत’ सांगतो, अर्धा पाच. पाव-अर्ध्याची भाषा बारा तासांच्या घड्याळावरच चालते. तेरा ते चोवीसच्या आकड्यांना सहसा कोणी ‘फेल’ लावत नाही.

हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या ही वेगळीच परीक्षा. दवाखान्याच्या किंवा दुरुस्तीच्या दुकानाच्या दारावर ‘¾ ८ – ¼ १२’ असं लिहिलेलं दिसेल. पावणेआठ ते सव्वाअकरा, असं वाचायचं. बारा दिसला म्हणून सव्वाबारापर्यंत उघडं असेल असं धरून गेलात तर कुलूप दिसेल. शिवाय इथे १ चा आकडा हातानं लिहिताना डावीकडून लांब तिरकी रेघ वर नेतात, इतकी लांब की आपल्याला तो इंग्रजी ७ वाटतो. खऱ्या ७ च्या पोटातून आडवी रेघ जाते. रेघ नाही, तर तो एक. हे मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात लिहून दाखवते.

तारखेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण यंत्राच्या नोंदवहीत तुम्हाला तीच पुढची अडचण येणार आहे. हंगेरियन तारीख मोठ्याकडून लहानाकडे जाते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नावातही आडनाव आधी, तसंच हे. वर्ष सोडून नुसतं ‘०३. ०९.’ लिहिलं असेल तर ते नऊ मार्च. आपल्या सवयीनं तुम्ही तीन सप्टेंबर वाचाल. बारापेक्षा मोठा आकडा आला की चूक लगेच उघडी पडते, पण महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना काहीच खटकत नाही आणि नमुने चुकीच्या कप्प्यात जातात. काही जुनी माणसं महिना रोमन आकड्यात लिहितात, ते फार सोयीचं आहे. प्रयोगशाळेच्या वहीत तुम्ही महिन्याचं नाव अक्षरात लिहा, कोणी हरकत घेणार नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याबरोबर काय करायचं ते. तो इंग्रजीत ‘हाफ’ किंवा ‘क्वार्टर’ म्हणाला की लगेच आकड्यात परत विचारा: ‘सेव्हन थर्टी?’ हंगेरियनमध्ये विचारायचं तर ‘हेत हॉर्मिन्त्सकोर?’ तो ‘इगॅन’ म्हणाला की झालं. यात त्याला काही लागत नाही. परदेशी लोकांबरोबर काम करणाऱ्या हंगेरियन माणसाला हा घोळ चांगला माहीत असतो आणि खातरजमा करणारा माणूस त्याला आवडतो. उलट बाजूही लक्षात असू द्या. तुमच्या मार्गदर्शक बाई ‘हाफ टू’ला बैठक म्हणाल्या, तर त्यांना अडीच अभिप्रेत आहे आणि हंगेरियन मंडळी दीडलाच येऊन बसतील. ईमेलमध्ये चोवीस तासांच्या आकड्यात वेळ लिहायची जबाबदारी तुम्ही स्वतःकडे घेतलीत तर सगळ्या गटाचं भलं होईल.

घरी फोन करण्याबद्दल शेवटी विचारलंय. हिवाळ्यात भारत हंगेरीच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. त्यामुळे हंगेरियन घड्याळात ‘फेल’ असलं की भारतात पूर्ण तास वाजलेला असतो. हिवाळ्यात इथे ‘फेल न्योल्त्स’, सकाळचे साडेसात, तर पुण्यात दुपारचे बारा. उन्हाळ्यात त्याच वेळी अकरा. घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. त्या दोन रविवारांच्या आदल्या दिवशी आईबाबांना कळवून ठेवा, म्हणजे रोजच्या वेळेला फोन आला नाही म्हणून ते काळजीत पडणार नाहीत.